आहुप्याची राई आणि तिच्या अवतीभवती

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलं की मंचरपर्यंत जंगल आठवायचं काही कारण नसतं. चाकणचे कारखाने, ट्रकच्या रांगा, राजगुरुनगरला भीमेवरचा पूल, मग दुतर्फा कांद्या-बटाट्याची रानं. मंचरला डावीकडे वळून घोडेगाव गाठलं की रस्ता अरुंद होतो, डोंगर जवळ येतात आणि पुढे डिंभ्याचं धरण लागतं. घोड नदीवरच्या या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विलायती कापडाच्या ट्रकपुढे आडवा झालेला तो गिरणी कामगार याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं, ते मूळ गाव आता या पाण्याखाली आहे. तालुक्याची कामं घोडेगावात चालतात, कागदोपत्री नाव मात्र बुडालेल्या गावाचं.

इथून रस्ता पाण्याच्या काठाकाठाने वळणं घेत पश्चिमेला सरकतो. अडिवरे, असाणे, तिरपाड, पिंपरगणे अशी गावं मागे पडत जातात आणि सह्याद्रीचा कडा जिथे तुटतो, तिथे आहुपे. पुण्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या थोडं पुढे. पावसाळ्यात इथे धबधबे बघायला गर्दी लोटते. आम्ही मुद्दाम कार्तिकात निघालो होतो. पाऊस सरलेला, भातकापणी उरकत आलेली, गवत पिवळं पडायला लागलेलं. धबधबे आटले होते आणि आम्हाला ते बघायचेही नव्हते. आहुप्याची देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, बघायची होती, आणि सोबतीला माझी मैत्रीण होती. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि चालता चालता झाडांशी अडखळते.

आम्ही पुण्यातली माणसं टेकड्यांवर वाढलो. वेताळ टेकडी, पर्वती, तळजाई. या टेकड्यांवर माझा फार जीव आहे आणि त्या वाचाव्यात म्हणून जे जे लोक झटतात त्यांच्याबद्दल आदर आहे. पण टेकडीवरचं आमचं ‘जंगल’ म्हणजे बऱ्याच ठिकाणी वनखात्याने लावलेली गिरिपुष्पाची झाडी. लांबून हिरवी दिसते, जवळ गेलं की तिच्याखाली दुसरं फारसं काही रुजलेलं नसतं. पन्नास-साठ वर्षांत झाडं उभी करता येतात. झाडं एकमेकांच्या आधाराने, वेलींच्या, बुरशीच्या, किड्यांच्या संगतीने शेकडो वर्षं जगली की काय होतं, ते टेकडीवर कळत नाही. ते बघायला राईतच जावं लागतं.

राया म्हणजे काय चीज आहे, हे शास्त्राच्या भाषेत सांगायचं काम पुण्यातूनच झालं, याचा मला अभिमान वाटतो. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपास पायी हिंडत, देवीची ठाणी आणि त्यांच्याभोवतालच्या झाडीची नोंद करत. १९६२मध्ये निघालेल्या त्यांच्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या पुस्तकात हा मुलूख भेटतो. पुढे १९७०च्या दशकात डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी राया धुंडाळायला सुरुवात केली. विधी महाविद्यालय रस्त्यावर आज आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते, ती संस्था वर्तकांची कर्मभूमी. वर्तकांना झाडं पानावरून, सालीवरून, वासावरून ओळखता यायची. गाडगीळ हार्वर्डहून परिसरशास्त्र शिकून आलेले. दोघांनी मुळशी, वेल्हे, भोर, मावळ, पार श्रीवर्धनपर्यंत पायपीट केली आणि पश्चिम घाटातल्या देवरायांवर १९७५-७६च्या सुमारास लेख लिहिले. त्याआधी देवराई हा अंधश्रद्धेचा एक प्रकार मानणारे शिकलेले लोक कमी नव्हते. गाडगीळांनी श्रीवर्धनजवळच्या गाणी गावाची हकिकत लिहून ठेवली आहे. तिथल्या राईवर तोडीचा हुकूम झाला, तेव्हा गावाने अभ्यासकांना बोलावून सांगितलं की आमचा ओढा या झाडीमुळे वाहतो, ती गेली की पाणी जाईल. गावकऱ्यांचं बोलणं देवावर संपलं नव्हतं, पाण्यापर्यंत आलं होतं.

आहुप्याची राई भैरवनाथाची. गावातून निघालं की आधी कापलेली खाचरं लागतात, भाताच्या धसकटांतून चालावं लागतं, मग पिवळ्या गवताचा उतार. त्या उताराच्या टोकाला झाडी एकदम सुरू होते. विरळ, मग दाट, असं काही नाही. अलीकडे ऊन आणि पलीकडे राई. आत पाऊल टाकताच पहिली जाणीव कानाला होते. बाहेरचा वारा, गुरांच्या घंटा, लांबवर चाललेली भाताची झोडणी, सगळं मागे राहतं. मग अंगाला गारवा कळतो. डोळे सगळ्यात उशिरा सरावतात.

अंजनी, जांभूळ आणि पिसा ही या भागातल्या सदाहरित रानाची मुख्य झाडं, आणि तिन्ही इथे आहेत. त्यात हिरडा, रानआंबा, पारजांभूळ, खाली गेळा आणि झुडपांची दाटी. खोडांवर शेवाळं इतकं जाड की साल बघायला ते बोटाने बाजूला करावं लागतं. वरच्या फांद्यांवर आमऱ्या आणि नेचे, पावसाळा संपल्यामुळे थोडे सुकलेले. मैत्रीण म्हणाली, “फेब्रुवारी-मार्चमध्ये ये, अंजनी फुलते तेव्हा. फांद्यांना निळे-जांभळे गेंद लगडतात, पान दिसत नाही.” पण तिला मला दाखवायची होती ती गारंबी. हा वेल आहे यावर विश्वास बसत नाही. मांडीएवढा जाड दांडा जमिनीतून निघतो, पिळ्यावर पिळा घेत एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, मध्येच खाली झोळ टाकतो, पुन्हा वर चढतो आणि शेंड्यांच्या गर्दीत दिसेनासा होतो. त्याची शेंग हातभर, कधी त्याहून लांब असते. आतल्या गरगरीत तपकिरी बिया गावाकडची मुलं खेळायला गोळा करतात. “झाड एकदा लावून उभं करता येईल,” मैत्रीण म्हणाली, “पण एवढा वेल व्हायला आधी त्याला पेलणारी म्हातारी झाडं लागतात, आणि त्या झाडांना कुणी हात लावलेला नसावा लागतो. वेल बघ, राईचं वय कळेल.”

तिने खाली बसून पाचोळा हाताने बाजूला केला. वर यंदाची कोरडी पानं, अजून आकार शाबूत. त्याखाली गेल्या वर्षीची, शिरांची जाळी तेवढी उरलेली, पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी एकमेकांना चिकटलेली. त्याखाली पान आणि माती यांतला फरकच करता येत नव्हता असा काळा, ओला थर. त्यात बोट सहज रुतत होतं. इथेच पावसाळ्यात, अंधाऱ्या रात्री, कुजक्या फांद्यांवरची बुरशी हिरवट उजेड देते. भीमाशंकर आणि आहुप्याची रानं त्यासाठी हल्ली प्रसिद्ध झाली आहेत. बाहेरच्या माळावर पाऊस संपून काही आठवडेच झाले होते, तरी माती तडकायला लागली होती. इथे बोटाला पाणी लागत होतं. राईच्या खालच्या अंगाने निघणारा ओढा कार्तिकातही का वाहतो, ते मला त्या वीतभर मातीत कळलं.

वर पानांत सळसळ झाली आणि शेकरू दिसलं. तांबूस पाठ, पिवळसर पोट, झुपकेदार शेपूट. महाराष्ट्राचा राज्यप्राणी. भीमाशंकर अभयारण्य १९८५मध्ये जाहीर झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी. शेकरू जमिनीवर फारसं उतरत नाही, त्यामुळे त्याला फांदीला फांदी भिडलेली लागते; मध्ये झाडांची एक ओळ तुटली तरी त्याचा रस्ता बंद होतो. पानांचं, काटक्यांचं त्याचं गोल घरटं दुबेळक्यात दिसत होतं. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधून ठेवतं, त्यामुळे घरटी मोजून शेकरं मोजता येत नाहीत.

देवापाशी एक बाबा बसले होते. सत्तरीच्या पुढचे, धोतर, वर स्वेटर, टोपी. आम्ही चपला काढल्या ते त्यांनी पाहिलं आणि मग बोलायला लागले. मी विचारलं, पडलेलं लाकूड इतकं दिसतंय, कुणी नेत नाही?

“घरच्या चुलीला नाय न्यायचं,” बाबा म्हणाले. “देवाचं जेवण व्हतं तवा लागतं तेवढं इथलं. बाकी हाय तिथं कुजंल.”

“आणि औषधाला, साल-पाल्याला?”

“इचारून. देवाला इचारायचं, मंग गावाला सांगायचं. चोरून नेलं तर गुण येत नाय.”

हा नियम मला फार शहाणपणाचा वाटला. राई म्हणजे कुलूपबंद जागा नव्हे. गरजेला वाट आहे, पण ती वाट सगळ्यांच्या देखत जाते. वनखात्याच्या कायद्याने जे रान राखलं जातं तिथे राखणदार बाहेरचा असतो. इथे शेजारचं प्रत्येक घर राखणदार आहे. इथली वस्ती प्रामुख्याने महादेव कोळ्यांची, आणि अभयारण्याचा नकाशा निघाला तेव्हा त्यांच्या राया आधीपासूनच उभ्या होत्या.

दुपारी आम्ही गावात एका मावशींकडे जेवलो. नाचणीची भाकरी, उडदाची आमटी, ठेचा आणि नव्या इंद्रायणीचा भात, ज्याचा वास ओसरीपर्यंत आला होता. खळ्यावर झोडणी चालू होती. पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायची, लाकडावर आपटायची, फिरवायची, पुन्हा आपटायची. सून, मुलगा, शेजारची दोन माणसं. उद्या हीच माणसं शेजारच्या खळ्यावर असणार.

या एकमेकांच्या हातांवरच इथली शेती उभी राहिली आहे. डोंगरउतारावर भात पिकवायचं तर आधी सपाट जागा हवी. ती करण्याच्या पद्धतीला इथे पडकई म्हणतात. उन्हाळ्यात चार-सहा घरांनी एकत्र यायचं, आज याच्या रानात, उद्या त्याच्या. उतार थोडा थोडा खणायचा, निघालेले दगड खालच्या अंगाला रचून बांध घालायचा, माती मागे भरायची. ज्याचं काम त्याने जेवण घालायचं. मी एका खाचराचा बांध जवळून पाहिला. चुना नाही, सिमेंट नाही. मोठे दगड खाली, त्यांच्या सांदीत चपटे दगड ठोकून बसवलेले, आणि बांध किंचित आत कललेला, म्हणजे पावसाचं पाणी फुगलं तरी दाब मागे जातो. दगडांच्या फटींतून पाणी झिरपून जातं, माती राहते. डिंभे परिसरात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या ‘शाश्वत’ या संस्थेने ही पडकई रोजगार हमीच्या कामांत बसवून घेतली. धरणात जमिनी गेलेल्या आदिवासींना त्याच जलाशयात मासेमारीचा हक्क मिळावा म्हणूनही ही संस्था झगडली. तिला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं.

राईचा आणि या बांधांचा काय संबंध, असं वाटू शकेल. फार जवळचा आहे. ज्या गावाला आपल्या खाचरात पुरेसा भात होतो आणि आपल्या झाडांवर चार पैसे मिळतात, ते गाव राईकडे लाकूड म्हणून बघत नाही. झाडांवरचे पैसे म्हणजे इथे हिरडा. माळावर, बांधावर, घरामागे, जिकडे पाहावं तिकडे हिरड्याची झाडं, आणि ती मालकीची. उन्हाळ्यात कोवळी फळं उतरवून उन्हात वाळवली की तो बाळहिरडा होतो; औषधांना, रंगाला, कातडी कमवायला त्याला मागणी असते. आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी घरांत वर्षाचा रोख पैसा येतो तो बहुतांशी त्यातून. जून २०२०मध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं, हिरडा झडला, झाडं मोडली, आणि भरपाईसाठी या लोकांना दीर्घकाळ आंदोलन करावं लागलं. आंब्याच्या बागेचं नुकसान चटकन समजतं. रानातल्या झाडाचं उत्पन्न हेही पीकच आहे, हे पटवून द्यावं लागतं.

संध्याकाळी मावशींचा मुलगा आम्हाला कड्यावर घेऊन गेला. खाली कोकण, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, डावीकडे सिद्धगड. आहुपे घाटाची पायवाट इथून खाली खोपिवलीला उतरते, मुरबाडकडे. मागे वळून पाहिलं तर गावाची कौलं, पिवळा माळ आणि त्यात राईचा काळपट हिरवा ठिपका. ठिपकाच म्हणायचा. एवढ्याशा जागेने किती काय धरून ठेवलंय, हे आत जाऊन आल्याशिवाय कळायचं नाही.

मला तेव्हा इंग्लंड आठवलं. माझी भाची लंडनच्या वायव्येला चिल्टर्न टेकड्यांजवळ राहते. मी वसंतात गेले होते तेव्हा तिने मला घराजवळच्या बीचच्या रानात नेलं होतं. झाडांना कोवळी पालवी आणि खाली जमिनीवर ब्लूबेलचा निळा गालिचा. तिथे इ. स. १६०० पासून जिथे सलग रान आहे, त्याला ‘प्राचीन रान’ मानून वेगळं राखतात. त्याआधी मुद्दाम झाडं लावायची पद्धत फारशी नव्हती, म्हणून तेव्हाचं रान मूळचंच असणार, असा त्यामागचा हिशेब. जुने नकाशे, दस्तऐवज तपासून हे ठरवतात, आणि ब्लूबेलसारखी फुलंही खूण म्हणून धरतात, कारण ती नव्या रानात सहजी पसरत नाहीत. मैत्रीण गारंबीबद्दल जे बोलली तेच हे. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच. तिथली बरीच जुनी रानं माणसाने हात न लावल्यामुळे टिकलेली नाहीत. गावकरी हेझलसारखी झाडं बुंध्यापासून छाटत, काही वर्षांनी धुमारे वाढले की पुन्हा छाटत. त्यातून कुंपणं, टोपल्या, जळण निघे, मोकळ्या जागेत ऊन पडे आणि फुलं येत. विसाव्या शतकात ही छाटणी थांबली, रानं अंधारली आणि कितीतरी ठिकाणी फुलं, फुलपाखरं कमी झाली. गावाचं रानाशी काम उरलं नाही तेव्हा रानही बदललं.

आमच्याकडे त्याच गोष्टीची दुसरी, जास्त कठोर बाजू आहे. पानशेत-वरसगावच्या धरणांनी वेल्ह्याकडची खोऱ्यातली सुपीक जमीन गेली. माणसं वर डोंगरउतारावर ढकलली गेली. खायला काही उरलं नाही तेव्हा त्यांनी झाडं कोळशाच्या व्यापाऱ्यांना मिळेल त्या भावाला दिली, आणि रायाही गेल्या. गाडगीळांनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि पुढे वारंवार लिहिलं. तो कोळसा पुण्यात येत होता. आमच्या नळाला जे पाणी येतं, ते त्याच खोऱ्यांतलं. देवावरची श्रद्धा कमी झाली म्हणून राया तुटल्या, असं सांगणाऱ्यांचं मला म्हणून पटत नाही. खाचरं बुडाली, मग राया तुटल्या.

आज धोका वेगळ्या वाटेने येतो. मुळशीकडच्या एका गावात मी पाहिलं: उघड्यावरची, शेंदूर लावलेली देवी, तिच्यावर आता स्लॅब, पुढे सभामंडप, चकचकीत फरशी. बांधकामाच्या खर्चाला म्हणून राईतलीच मोठी झाडं विकलेली. पैसे मुंबई-पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलांनीही घातले होते, आणि मनापासून घातले होते. गावासाठी काहीतरी करावं ही त्यांची तळमळ खोटी नव्हती. पण देवीला उघड्यावर राहायला आवडतं, असं सांगणारी माणसं त्या बैठकीत एकतर नव्हती किंवा त्यांचं ऐकलं गेलं नाही. फार्महाऊसचे प्लॉट पाडणाऱ्यांना अडवणारं गावसुद्धा मंदिरासाठी झाड तोडताना हळवं होतं. इथे कायदा पुरा पडत नाही. गावातल्याच कुणीतरी उठून बोलावं लागतं.

परतताना आम्ही माळीणच्या फाट्यावर थांबलो. ३० जुलै २०१४च्या सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेवर माणसं त्याखाली गेली. एसटीचा चालक नेहमीच्या वेळेला गाव घ्यायला आला आणि त्याला गाव दिसलं नाही. बातमी बाहेर पोचली ती त्याच्यामुळे. उरलेल्यांचं पुनर्वसन आमड्याला झालं, नवी घरं २०१७मध्ये ताब्यात मिळाली. कारणांवर तेव्हा खूप चर्चा झाली. अतिवृष्टी तर होतीच. उताराची ठेवण, झाडी कमी होणं, आणि हातांऐवजी यंत्रांनी केलेलं सपाटीकरण, याकडेही अनेकांनी बोट दाखवलं. एकच कारण नेमकं काढून दाखवणं अवघड आहे. पण हाताने रचलेला, किंचित आत कललेला तो बांध आदल्या दिवशी पाहिला होता, आणि जेसीबीने एका दिवसात कापलेले उभे, लाल उतारही वाटेत दिसत होते. दोन्हींतून भातच निघतो. पाणी कुठून वाट काढणार, याचा विचार फक्त एकात केलेला आहे.

म्हणून कुणी मला आहुप्याला कसं जायचं विचारलं, तर मी आधी म्हणते, राई बघायला अर्धा दिवस पुरतो, पण एक रात्र गावात राहा. एखाद्या घरी जेवा, त्याचे पैसे नीट द्या, नवा तांदूळ मिळाला तर घेऊन या. खाचरांचे बांध बघा. ओढा राईतून निघून कुणाच्या रानात जातो ते चालत जाऊन पाहा. राईत मोठ्याने बोलू नका, चपला काढा, गारंबीची बीसुद्धा विचारल्याशिवाय उचलू नका. आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी जाऊ नका. तेव्हा रस्त्यावर गाड्या इतक्या असतात की गावच्या आजाऱ्याला घोडेगावच्या दवाखान्यात नेणं अवघड होतं.

निघताना मावशींनी पिशवीत तांदूळ भरून दिला आणि मैत्रिणीला सांगितलं, “तुमी झाडं शिकिवता ना ताई, मंग उन्हाळ्यात पोरं घेऊन या. हिरडा काढायला मानसं मिळत नाय आता. पोरं झाडावर चढतील, शिकतील, आन आमचंबी काम व्हईल. रोज देऊ त्यांना.”

मैत्रिणीने विचारलं, साधारण कधी?

“यंदा मोहोर कसा येतोय त्याच्यावर. मी फोन करीन,” मावशी म्हणाल्या, आणि नंबर मुलाकडून मोबाइलमध्ये घालून घेतला.